शंभर टक्के निकाल आणि घटता पट

प्रश्न : आमच्या गावातील अनुदानित माध्यमिक विद्यालयाचा दहावीचा निकाल सलग चार वर्षे शंभर टक्के लागला आहे. तरीही यंदाच्या संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकपदांच्या वार्षिक मंजुरीत, एक शिक्षक अतिरिक्त ठरले आणि आता शाळाच बंद पडेल, अशी कुजबुज सुरू आहे. निकाल इतका चांगला असताना असे का व्हावे?
– एक पालक, राजापूर तालुका

उत्तर : निकाल आणि पट, म्हणजे शाळेतील विद्यार्थिसंख्या, ही दोन वेगळी खाती आहेत आणि शिक्षकांची पदे पटाच्या खात्यावर मंजूर होतात. त्यासाठी ३० सप्टेंबरची विद्यार्थिसंख्या धरली जाते आणि तीही ज्यांची नोंद आधारशी जुळली आहे अशांचीच. शाळेच्या प्रवेश नोंदवहीतील (जनरल रजिस्टर) जन्मतारीख आणि आधार कार्डावरील जन्मतारीख यांत एका दिवसाचा जरी फरक पडला, तरी रोज पहिल्या बाकावर बसणारी मुलगी संचमान्यतेच्या हिशेबात येत नाही. मोठ्या शाळेत अशा दोन-तीन नोंदी खपून जातात, पण आपल्यासारख्या ठिकाणी त्यामुळे पदच जाऊ शकते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष आणखी कडक केले आहेत.

निकालाचा अभिमान अवश्य बाळगावा, मात्र तो जरा निरखून पाहावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात नेहमी आघाडीवर असते. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, तर कोकणाचा ९८.८२. परंतु दहावीला अकराच मुले असतील, तर एक नापास होताच निकाल थेट ९०.९१ टक्क्यांवर येतो. या धास्तीने काही शाळा कच्च्या मुलाला नववीतच रोखतात किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा सल्ला देतात. मग फलकावर शंभर टक्के झळकतात आणि तो मुलगा शाळेतून गेला, की पट मात्र आणखी एकाने घटतो. आपल्या शाळेत असे घडते, असे मला म्हणायचे नाही. तरीही दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि त्यांपैकी किती दहावीला बसली, एवढे विचारून पाहावे.

पट घटण्याचे मूळ कारण शाळेच्या आवाराबाहेर आहे. कोकणातील कित्येक माध्यमिक शाळा मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून उभ्या केल्या. चाकरमान्यांच्या पगारातून इमारती झाल्या आणि पुढे त्याच वाटेने घरची मुलेही मुंबईला गेली. जे मागे राहिले, त्यांच्या घरी मुले कमी आहेत आणि त्यांतल्या काहींना न्यायला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी सकाळी नाक्यावर उभी असते. त्या पालकांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. मात्र गणित-विज्ञानाचे शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनात, म्हणजे रिकाम्या पदावर, दुसऱ्या शाळेत गेले, की उरलेले पालकही त्याच गाडीकडे वळतात, हे शाळा समितीने ओळखले पाहिजे.

शाळा लगेच बंद पडेल असे नाही. परिसरातील जिल्हा परिषदेच्या शाळांत आज पाचवी ते सातवीत किती मुले आहेत, ते मोजा. पुढच्या तीन वर्षांची आपली आठवी त्यांतूनच भरायची आहे. आणि आधार न जुळलेल्या विद्यार्थ्यांची यादी मुख्याध्यापकांकडे जुलैमध्येच मागा, म्हणजे पालकांना आधार केंद्रावर जाऊन ३० सप्टेंबरपूर्वी दुरुस्ती करून घेता येईल.