आधी पावसात बघून ये, मग टोकन

तुझा मेसेज दोनदा वाचला. फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो काका, हो काका" करतोस आणि संध्याकाळपर्यंत विसरतोस. तर कोकणात वेळासजवळ प्लॉट, टेकडीवरनं समुद्र, खाली कासवाची पिल्लं, आणि एजंट म्हणतो पाडव्याआधी टोकन दिलं तरच हा रेट. बघितलास कधी? यंदा गड्ड्याची जत्रा सोडून गेलतास तेव्हा. जानेवारीत कोकण कुणाला आवडत नाही बे?

जुलैत जा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिकडं ३००० च्या वर, आपल्याला त्याचा अंदाजच येत नाही. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, मग ताम्हिणीनं जा. उतारावरनं पाणी कुठनं येतं, कच्चा रस्ता राहतो का वाहून जातो, लाईट गेली की कधी येते, हे सगळं भिजत उभं राहून बघ. शेजारच्या घराची खिडकीची ग्रिल नखानं खरवड, रंगाखालनं तांबडा पोपडा हातात येईल, खारं वारं लोखंड असंच खातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, ते एजंटच्या रीलमध्ये नसणारच.

कागदाचं थोडक्यात. सातबारावर सामाईक नावं किती, त्यातले मुंबईत किती, कूळ आहे का, एनए म्हणजे बिगरशेती झालंय का. तुझ्या वडिलांचं आयुष्य मिलमध्ये गेलं, घरात शेतजमीन नाही, मग कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन तुला घेताच येत नाही. आणि गावाकडच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं घर होत नाही, एजंट ज्याला 'बीच टच' म्हणतो ती नेमकी तीच पट्टी! गॅलरीत लाईटच्या माळा लावायचं पण डोक्यातनं काढ, पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेनं जातात, समुद्र सोडून तुझ्याकडं यायची.

तू म्हणशील, काका स्वतः घाबरला. गुहागरकडची एक जागा मी पावसाळा बघू म्हणून थांबवली, मालकानं दिवाळीआधी दुसऱ्याला दिली, आज तिचा भाव काढला की तुझी काकू जेवताना ऐकवते. ऐकवू दे. मी भर पावसात गेलतो, विहिरीच्या कडेची माती माझ्यासमोर खचत होती. ज्यानं घेतली त्यानं घर झकास बांधलंय, मान्य. दर एक-दोन वर्षांनी पत्रे बदलतो ते कुणी सांगत नाही. संध्याकाळी कधी कधी वाटतं, घ्यायला पाहिजे होती. पण न बघता? छे. आजही नाही देणार मी टोकन.

पाडव्याची मुदत त्या एजंटची आहे, तुझी नाही. प्लॉट गेला तर जाऊ दे, पावसात बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. जुलैत निघालास तर सांग, मी पण येतो. काकूला एवढ्यात बोलू नकोस.