पुरात बुडालेली पिकअप घरी खोलायच्या आधी पॉलिसी उघडा

पलूस तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा आईवडील आणि म्हशी उंचावर न्यायला रात्र गेली आणि दारातली पिकअप दारातच राहिली. सव्वाचार वर्षांची गाडी, दोन दिवस सीटच्या वर पाणी. गॅरेजवाल्यांनी इंजिन न उघडता २,६०,००० चा अंदाज दिलाय. मेहुणे फिटर आहेत. ते म्हणतात, सामान आणून द्या, ९०,००० मध्ये घरच्या घरी उभी करतो, सुट्टीचे दिवस आणि संध्याकाळ धरून दोन महिने लागतील. जुन्या गाड्या घेणारा आहे तशी १,४०,००० ला मागतोय. कर्जाचे १,७५,००० बाकी, हप्ता १४,२००. भाजीपाल्याच्या भाड्यातून डिझेल जाऊन महिन्याला ३२,००० हातात राहायचे. बँकेत ६०,००० ची ठेव आहे. ‘बायकोचं सोनं मोडून काम सुरू करू का?’ असं त्यांनी विचारलंय.

दादा, माणसं आणि गुरं वाचली, गाडी राहिली. त्यात आपलं काही चुकलं, हे आधी मनातून काढून टाका.

आता उत्तर. आज पाना लावू नका. मेहुण्यांच्या हातावर माझा विश्वास नाही असं अजिबात नाही. पण विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघून जायच्या आत इंजिन खुललं, तर पुरानं काय बिघडलं आणि खोलताना काय बिघडलं, हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगणार?

तुम्ही लिहिलंय की विमा ‘फुल’ आहे की नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, ते माहीत नाही. पण पत्रासोबतच्या फोटोत पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ४,२०,००० छापलेला दिसतो. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीवर आयडीव्ही नसतो. म्हणजे तुमच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आहे, आणि पूर त्यात येतो. चार वर्षं त्याचा हप्ता तुम्ही भरलाय. ९०,००० चा हिशेब मांडताना हा कागद फाइलमध्येच राहिला, याची मला फार हळहळ वाटते.

आजच कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या. केबिनवर पाण्याची रेघ उमटली असेल, तिचे फोटो काढा. तलाठ्यांच्या पंचनाम्यात गाडी आली आहे का बघा. बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा. चिखल आतून गाडी खात असतो, त्यामुळे फोटो झाले की कंपनीला विचारून केबिन धुवायला हरकत नाही. आणि एक कागद आजच शोधा: आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट. आठ वर्षांच्या आतल्या मालवाहू गाडीचा फिटनेस दर दोन वर्षांनी करावा लागतो. तुमची गाडी सव्वाचार वर्षांची, म्हणजे तीन महिन्यांपूर्वी तो व्हायला हवा होता. राहून गेला असेल तर क्लेम तिथंच अडू शकतो.

आता आकडे. २,६०,००० ची ढोबळ फोड अशी धरू: धातूचे भाग १,५०,०००, रबर-प्लॅस्टिक-बॅटरी ६०,०००, मजुरी ५०,०००. घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची वजावट, न कापणारं वाढीव कव्हर नसेल, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ३५ टक्के आणि रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. मजुरीवर कापत नाहीत. म्हणजे कंपनीकडून ९७,५००, ३०,००० आणि ५०,००० मिळून १,७७,५०० यावेत. तुमच्या खिशातून ८२,५००, शिवाय पॉलिसीत लिहिलेली सक्तीची कपात. घरच्या दुरुस्तीला ९०,००० लागणार होते!

पण पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य लिहिलंय, आणि माझा जीव तिथंच अडकलाय: ‘पाणी उतरल्यावर एकदा सेल्फ मारून बघितला, टक् असा आवाज झाला आणि बंद पडली.’ सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुरानं नव्हे, सेल्फ मारल्यानं झालं, असं म्हणून कंपन्या इंजिनाच्या आतला खर्च नाकारतात. इंजिन प्रोटेक्शनचं वाढीव कव्हर आहे का ते पॉलिसीत शोधा. नसेल तरी सर्व्हेअरला खरं तेच सांगा. वाकलेला रॉड इंजिन उघडल्यावर दिसतोच, आणि खोटं सापडलं तर पूर्ण क्लेम जाईल.

समजा इंजिनाचे धातूचे भाग ९०,००० आणि त्याची मजुरी २०,००० कंपनीनं नाकारली. राहिलेल्या १,५०,००० पैकी ९९,००० मिळतील. सगळं गॅरेजमध्ये केलं तर तुमच्यावर १,६१,००० पडतात. इथं मेहुणे खरे कामाला येतात. त्यांच्या यादीत इंजिनाचं सामान आणि लेथचं काम मिळून ५५,००० आहेत. इंजिन त्यांच्याकडे आणि वायरिंग, ब्रेक, बाकीचं गॅरेजला दिलं, तर ५५,००० अधिक ५१,०००, म्हणजे १,०६,०००. पूर्ण घरी करण्यापेक्षा १६,००० जास्त. पण गॅरेजनं पंचवीस दिवस सांगितलेत आणि इंजिनापुरतं काम मेहुणे तेवढ्यात उरकतील असं धरलं, तर गाडी महिनाभर आधी रस्त्यावर येते. त्या महिन्याचे ३२,००० तुमच्या हिशेबात कुठंच नव्हते. सर्व्हे झाल्यावर, कोणतं काम कुठं करणार हे कंपनीकडून लेखी मान्य करून घ्या, मगच इंजिन उतरवा.

वायरिंग घरी करू नका, हे मी आग्रहानं सांगतोय. २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडे येणाऱ्या एका दूधवाल्यांनी गाडी घरीच सुकवून चालू केली. तीन महिने छान पळाली. मग वायरींच्या एकेका कपलरमध्ये हिरवा गंज धरला, पहाटे घाटात हेडलाइट गेले, पाठोपाठ ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर गेला. ब्रेकचं तसंच आहे. लायनर साफ दिसतात, पण ब्रेकच्या सिलिंडरच्या आत गंज असतो, आणि तुम्ही दीड टन माल घेऊन चालवणार. मेहुण्यांनी इंजिनासोबत गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगचं तेल बदलावं, चाकांच्या बेअरिंगला नवं ग्रीस भरावं, डिझेलची टाकी उतरवून धुवावी. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर एकदा बदलून भागत नाही.

गाडी आहे तशी विकायचा विचार सोडा. १,४०,००० तून कर्जसुद्धा फिटत नाही, वर ३५,००० घालून फायनान्सवाल्यांची एनओसी (ना हरकत दाखला) आणावी लागेल, आणि धंदा बंद तो बंदच.

इंजिन उघडल्यावर क्रँक गेलेला निघाला, ब्लॉकला तडा निघाला, तर तिथं थांबा आणि गॅरेजकडून नवा अंदाज घ्या. मान्य होण्यासारखा दुरुस्तीखर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या, म्हणजे ३,१५,००० च्या वर गेला, तर गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडे गेली असं धरून, जाते. मग कंपनी आयडीव्ही देते, त्यातून आधी फायनान्सवाल्यांचे १,७५,००० जातात आणि कपात सोडून २,४५,००० च्या आसपास तुमच्याकडे उरतात. गाडीवर माया असते, मला कळतं, पण तो आकडा आला तर घ्या. सेल्फमुळे इंजिनाचा खर्च धरलाच नाही आणि टोटल लॉस बसत नाही, अशा वेळी खिशातून १,५०,००० च्या वर जाऊ नका. पुरात बुडालेली म्हणून ही गाडी दुरुस्तीनंतरही बाजारात फार तर ३,००,००० ला जाईल, आणि आहे तशी १,४०,००० ला मागणारा आहेच.

सोनं मोडू नका. ठेवीतले २८,४०० दोन हप्त्यांसाठी बाजूला ठेवा, उरलेले ३१,६०० कामाला लावा. कमी पडतील ते ७५,००० च्या आसपास. त्यासाठी सोन्यातला थोडा भाग बँकेत तारण ठेवा, तोही घरच्या लक्ष्मीला विचारून, कारण सोनं त्यांचं आहे. गाडी चालू होऊन भाडं सुरू झालं की आधी तेच सोडवा. गॅरेजचं विमा कंपनीशी कॅशलेस असेल तर तुम्हाला फक्त तुमचा वाटा भरावा लागतो. नसेल तर कंपनीच्या वाट्याचे ९९,००० सुद्धा आधी तुम्हीच भराल, म्हणून गॅरेज ठरवतानाच हे विचारा. फायनान्सवाल्यांकडे हप्ते पुढे ढकलण्याचा लेखी अर्ज करा. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची फेररचना करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, पण मागितल्याशिवाय तुमच्यापर्यंत ती कुणी आणून देणार नाही.

क्लेम पूर्ण नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. सर्व्हेअरचा अहवाल हातात आला की तो आणि पॉलिसीची सगळी पानं मला पाठवा. वरची फोड माझ्या अंदाजाची आहे, खऱ्या आकड्यांवर आपण पुन्हा बसून हिशेब करू.