प्रार्थना येतच नाही, मग माझा विश्वास गेला का?

प्रश्न : सलाम ताई. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठ महिने झाले डायलिसिस चालू आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार. घरच्या प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या की तुमच्या विश्वासात कमी आहे म्हणून गुण येत नाही, खरा विश्वास असेल तर मशीन सोडून दाखवा. तेव्हापासून मी प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्दच निघत नाही, नुसतं रडू येतं. मी देवापासून लांब गेले का?
– एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : सलाम ताई. आधी मशीनचं बोलते, कारण ते ऐकून मला भीतीच वाटली. डायलिसिस बंद करायचं नाही, एकदा सुद्धा चुकवायचं नाही. किडनीचं काम ते मशीन करतंय, ते थांबलं की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या सोबत लूक होता ना, त्याला पौल स्वतः प्रिय वैद्य म्हणतो, मग वैद्याकडे जाणं म्हणजे अविश्वास कसा होईल?

आणि त्या बाईंना पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, 4 था अध्याय, 20 वं वचन काढून दाखवा. पौल लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. एवढंच. ज्या पौलाने माल्टा बेटावर पुब्ल्याच्या बापाच्या अंगावर हात ठेवून त्याला बरं केलं, तोच आपल्या सोबत्याला आजारीच सोडून पुढे जातो आणि त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं एका शब्दाने म्हणत नाही. माझ्या आईच्या कॅन्सरच्या वेळी हे वचन मला सापडलं आणि मी ते किती वेळा वाचलं असेल, कारण मलाही लोकांनी तेच ऐकवलं होतं.

आपल्या पंडिता रमाबाई बघा. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली, त्यानंतर वर्षाच्या आत 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आता तुमच्या रडण्याचं. आईच्या वेळी मलाही प्रार्थना येत नव्हती, वॉर्डच्या बाहेर बाकड्यावर बसून मी नुसत्या फरशा मोजायचे. एके दिवशी मावशी डबा घेऊन आली आणि म्हणाली, तू जेव, आज तुझ्या वाटची प्रार्थना मी करते. मी जेवले आणि ती माझ्या शेजारी डोळे मिटून बसली. मार्कच्या शुभवर्तमानातल्या 2 ऱ्या अध्यायातला पक्षघाती आठवा, त्याला चौघं जणं खाटेवर घालून आणतात, छप्पर उकलून खाली सोडतात, आणि येशू त्या आणणाऱ्यांचा विश्वास बघतो. खाटेवरच्या माणसाला तो काहीच विचारत नाही. तुम्ही आठ महिने मिस्टरांची खाट एकटीने उचलताय, पाणी मोजून देताय, जेवणातलं मीठ बघताय, हात भरून येणारच ना.

रडू आलं तर प्रभूच्या पुढेच रडा. 88 वं स्तोत्र उघडा, त्यात शेवटपर्यंत कुठेच उजेड नाही, शेवटही अंधारातच होतो, तरी तो माणूस रात्रंदिवस देवालाच हाक मारतोय आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. त्यातली एक ओळ रोज वाचलीत तरी पुरे, पुढचं नाही सुचलं तर नका बोलू.

मिस्टर बरे होतील असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही ताई, आणि कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. पण येत्या रविवारी चर्चमध्ये उपासना झाली की पाळकसाहेबांना आणि पाळकीणबाईंना गाठा, त्या बाईंचं सगळं सांगा, आणि स्पष्ट मागा की बुधवारचे डायलिसिसचे चार तास मंडळीतलं कोणीतरी मिस्टरांजवळ बसावं. लाजू नका. त्या चार तासांत घरी जा, दार लावा आणि झोपा.