तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: बॉनेटमधून झाड उगवलेला ट्रक

प्रश्न: दादा, ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकचे (आतल्या निर्जन भागाचे) व्हिडिओ बघत होते, त्यात एक लष्करी ट्रक दिसला, टायर नाहीत, बॉनेटमधून चक्क झाड वर आलंय, शेजारी लांबच लांब धावपट्टी आणि आसपास चिटपाखरू नाही. मुळात तिथे लढाई कधी झाली? आणि एवढा महागाचा माल असा टाकून कसे गेले?

उत्तर: लढाई जमिनीवर नाही, आकाशात झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९ फेब्रुवारी १९४२ ला जपानी विमानांनी उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विन शहरावर बॉम्ब टाकले, त्या एका दिवसात किमान २३५ माणसं गेली आणि हल्ले पुढे नोव्हेंबर १९४३ पर्यंत येतच राहिले. आता डार्विनला माल पोचवायची अडचण बघा, दक्षिणेकडून येणारी रेल्वे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला संपायची, डार्विनहून खाली येणारी बर्डमला, आणि मधे जवळपास १००० किलोमीटर रेल्वेच नाही. मग तिथून ट्रकच जाणार ना! म्हणून रस्ता पक्का केला, आणि पेट्रोलचे ड्रम ट्रकनेच येणार म्हटल्यावर डार्विनच्या दक्षिणेला त्याच रस्त्याच्या कडेकडेने धावपट्ट्या काढल्या: स्ट्रॉस, लिव्हिंगस्टोन, ह्यूजेस, फेंटन, पार खाली लॅरिमाजवळ गोरी. स्ट्रॉस आणि लिव्हिंगस्टोन ही डार्विन वाचवताना गेलेल्या अमेरिकन पायलटांची नावं आहेत. आज लोक स्टुअर्ट हायवेवरून गाडी हाणतात तो हाच रस्ता, त्यामुळे युद्धाचा सगळ्यात मोठा अवशेष कुठला म्हणाल तर मी पायाखालचं डांबर दाखवेन.

आता ट्रक. "टाकून गेले" हे अर्धंच खरं आहे. युद्ध उत्तरेकडे सरकलं तसे तळ रिकामे झाले, आणि जास्तीचा माल विकायला सरकारने १९४४ मध्ये खास डिस्पोजल कमिशनच नेमलं. शेतकऱ्यांनी, लाकूडवाल्यांनी ट्रक उचलले, काहींनी तर रणगाडे घेऊन वरचा बुरूज काढला आणि झाडी साफ करायला जुंपले. सगळ्यात लाडका ट्रक म्हणजे 'ब्लिट्झ', कॅनडाच्या नमुन्याचा, फोर्ड आणि शेव्हरले दोघांनीही बनवलेला. चपटं नाक आणि समोरची काच वरून पुढे झुकलेली, म्हणजे उन्हात काच चमकून वरच्या विमानाला दिसू नये. तुमच्या व्हिडिओत काच अशी उलटी झुकलेली असेल तर तो ब्लिट्झच समजा. मागे पाण्याच्या टाकीसाठी वेल्डिंग केलेला सांगाडा आणि आत इंजिन गायब असेल, तर तो सैन्याने नाही, एखाद्या स्टेशनवाल्याने टाकलाय (तिकडे स्टेशन म्हणजे गुराढोरांचं अवाढव्य फार्म), तोही वर्षानुवर्षं पिदवून आणि उपयोगाचं सगळं काढून घेऊन. उरलेला पत्रा शेकडो किलोमीटर ओढत नेऊन भंगारात घालायचा तर डिझेलचेच पैसे निघणार नाहीत, मग राहतो तिथेच.

प्रश्न: ऐंशी वर्षांनी धावपट्टी शिल्लक कशी राहते?

उत्तर: सगळीकडे नाही राहत. आउटबॅक म्हणजे सगळं वाळवंट अशी आपली समजूत असते, पण डार्विनकडे पावसाळ्यात धो धो पाऊस, गवत डोक्याच्या वर जातं आणि मग कोरड्या दिवसांत ते पेटतं. जवळून बघितलं तर डांबराला खवले सुटलेले असतात, बोटाने उचललं तर कडेचा तुकडा हातात येतो, खाली लाल मुरूम, भेगेभेगेतून गवत आणि मधेच कमरेएवढं वारूळ. कडेला मातीचे अर्धगोल बांध दिसतात, त्यांच्या आड विमान उभं करायचे म्हणजे शेजारी बॉम्ब पडला तरी तुकडे लागू नयेत.

पश्चिमेला मार्बल बारजवळच्या कोरुना डाउन्सला कोरड्या हवेमुळे बऱ्याच खुणा टिकल्यात. तिथून लिबरेटर बॉम्बर बोर्निओ, जावाकडे जायचे आणि जपान्यांना हा तळ शेवटपर्यंत सापडला नाही. मार्बल बारचा उन्हाळा ऐका: १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस पारा ३७.८ अंशाच्या वर. अशा ठिकाणी तापलेल्या पत्र्यावर पाना चालवणाऱ्या मेकॅनिकचं नाव कुठल्या धावपट्टीला दिलेलं मी तरी वाचलं नाही, असो.

प्रश्न: आठवण म्हणून एखादी काडतूस-बिडतूस आणता येईल का? आणि पुरून ठेवलेली स्पिटफायर विमानं खरी का?

उत्तर: काडतुसाला हातच लावू नका ताई, जिवंत असू शकतं, दिसलं तर जागा लक्षात ठेवा, मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. आधी तर जमीन कुणाची ते बघा, स्टेशनची असेल तर मालकाला विचारायचं, आदिवासी समाजाची असेल तर लँड कौन्सिलचं परमिट लागतं, आणि ते आयत्या वेळी मिळत नाही.

स्पिटफायरची गोष्ट क्वीन्सलँडच्या ओकीची. तिथे युद्धानंतर विमानं मोडीत काढली, अ‍ॅल्युमिनियम वितळवलं, पण काही विमानं जुन्या कोळशाच्या खाणीत लपवली अशी वदंता अजून चालते. हौशी लोक शोधून शोधून थकले, हाताला एक पंखसुद्धा लागला नाही. त्यापेक्षा पश्चिमेच्या किनाऱ्यावर ब्रूमला जा, ३ मार्च १९४२ च्या जपानी हल्ल्यात बुडालेल्या फ्लाइंग बोटींचे (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे) सांगाडे मोठ्या ओहोटीला चिखलात उघडे पडतात, पाणी ओसरलं की चालत जाता येतं. फक्त ओहोटीचं टाइमटेबल आधी बघा, तिथली भरती फार झपाट्याने परत येते.