पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे

प्रश्न : वय ४३, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६४ किलो. मुलुंड ते सीएसएमटी रोजची लोकल आणि दिवसभर बैठं काम. उपाशीपोटी साखर १०६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, रक्तदाब १२४/८०. डॉक्टर म्हणतात, मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. पण पँट ३४ इंचीच लागते! हे कितीजणांना असतं? प्रत्येक लेखात आकडा वेगळा दिसतो.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे साखर, रक्तातली चरबी, रक्तदाब, पोटाचा घेर यांतलं बरंच काही एकत्र बिघडणं. २००९च्या व्याख्येनुसार पाचांपैकी तीन गोष्टी बिघडल्या की हे निदान होतं : साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४०च्या आणि बायकांत ५०च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, आणि पोटाचा घेर भारतीय पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त. तुमच्या पहिल्या तिन्ही बिघडल्या आहेत.

आकडे का बदलतात, ते तुमच्याच रिपोर्टवरून कळेल. २००१च्या अमेरिकी व्याख्येत साखरेची मर्यादा ११० होती आणि पुरुषांचा घेर १०२च्या वर लागायचा. तिथे तुम्ही सुटला असता. २००५च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत वाढलेला घेर सक्तीचा, म्हणजे सगळं टेपवर. माणूस एकच, उत्तरं तीन. म्हणून टक्केवारी वाचताना आधी व्याख्या कोणती ते बघा. २०२०मध्ये भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा प्रौढांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के निघालं, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला. तेव्हा तुम्ही काही एकटे नाही.

आता टेप घ्या. पँट पोटाखाली बसते, त्यामुळे ३४ नंबरवाल्याचाही घेर ९०च्या पुढे असू शकतो. शर्ट वर करा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोबर मधोमध टेप लावा. तो जमिनीला समांतर हवा, अंगाला टेकलेला पण न रुतणारा. पोट आत ओढू नका. श्वास सहज सोडून झाला की वाचा. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा. शिलाईचा जुना कापडी टेप ताणलेला असतो, तो माप कमी दाखवतो.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा, एचबीएवनसीसकट (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी). दहा-बारा तास उपाशी राहा, पाणी चालेल. सकाळी स्टेशनवर घेतलेला एक कटिंगही साखर वर नेतो, आणि आदल्या रात्रीची दारू ट्रायग्लिसराइड वाढवते. तोवर रोज अर्धा तास भरभर चाला. चहातली साखरही मोजा : कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे जवळपास ४० ग्रॅम. जास्तीच्या साखरेपासून यकृत ट्रायग्लिसराइड बनवतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा, तेलाचा नंबर नंतर.