हाक मारायला कुणीतरी हवं

प्रश्न : घटस्फोटानंतर चार वर्षांच्या लेकीसह धायरीत राहते. नोकरी हिंजवडीला. बालवाडीत तिला ताप आला, तर मी पोचेपर्यंत काय करायचं?

उत्तर : ताई, मीही कोथरूडमध्ये मुलाला एकटीनंच वाढवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मोठा आधार होता. घराची किल्ली त्यांच्याकडे, शाळेच्या अर्जावर ‘मुलाला नेणारी व्यक्ती’ म्हणून त्यांचं नाव आणि फोटो, फ्रीजवर डॉक्टरांचा नंबर. त्यांची बँकेची कामं, लाइट बिल माझ्याकडे. म्हणून मदत मागताना संकोच वाटला नाही. तुम्ही बालवाडीतल्या एखाद्या आईशी ओळख वाढवा, रविवारी चहाला बोलवा. आणि ऑफिसात पाळणाघराचं जरूर विचारा. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना 2017 पासून कायद्यानं ही सोय बंधनकारक आहे. दिवसातून चारदा लेकीला भेटताही येतं. हा तुमचा हक्क आहे, अर्ज लेखीच द्या.