‘सर्कमस्टॅन्शियल एव्हिडन्स’ म्हणजे नेमकं काय? वाक्यात कसं वापरायचं?

मराठीत याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात. घडताना कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण आजूबाजूच्या खुणांवरून अनुमान काढता येतं, असा पुरावा. डब्यातले लाडू संपलेत, मुलगा म्हणतो मी हातही लावला नाही, आणि त्याच्या ओठाच्या कडेला बेसन चिकटलंय. ते बेसन म्हणजे हा पुरावा. आजीने त्याला खाताना पाहिलं असेल, तर तिचं सांगणं ‘डायरेक्ट एव्हिडन्स’.

बरेच जण याचा अर्थ ‘कच्चा पुरावा’ असा घेतात, तो चुकीचा आहे. बोटांचे ठसे, डीएनए बहुतेकदा याच प्रकारात मोडतात आणि अशा पुराव्यावर खुनाची शिक्षाही होते. मात्र साखळीतली एकही कडी निसटता कामा नये. सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी पाच कसोट्या सांगितल्या. पुरावा त्यांवर उतरला नाही, म्हणून आरोपीची फाशी रद्द होऊन तो निर्दोष सुटला.

लिहिताना एक जपा: मराठीत ‘पुरावे’ होतात, इंग्रजीत ‘एव्हिडन्सेस’ लिहीत नाहीत, आधी ‘ॲन’ही लावत नाहीत. ‘द केस रेस्ट्स ऑन सर्कमस्टॅन्शियल एव्हिडन्स’ असं सरळ लिहा.